क्वेरी प्लॅनरमधील रिकाम्या यादीचा दोष: पॅच लावूनही तो परत का येतो

क्वेरी प्लॅनरच्या, म्हणजे डेटाबेसला दिलेली क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची हे ठरवणाऱ्या भागाच्या, कोडवर काम करणाऱ्या टीमच्या बग ट्रॅकरमध्ये एक तक्रार ठरावीक काळाने नवा क्रमांक घेऊन उगवते. क्वेरी निराळी असते, तक्रार करणारा ग्राहक निराळा असतो, स्टॅक ट्रेसही (क्रॅशच्या वेळी चालू असलेल्या फंक्शनांची साखळी) निराळा असतो. पण खोलात गेल्यावर कळते की कुठल्यातरी फंक्शनच्या हातात रिकामी यादी पडली आणि तिचे काय करायचे हे त्या फंक्शनला कोणी सांगितलेच नव्हते. पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत पोस्टग्रेस या डेटाबेसवर उभी केलेली इंजिने, एक्स्टेन्शन (बाहेरून जोडलेला कोड) किंवा स्वतःचे प्लॅनर लिहिणारी बरीच मंडळी आहेत आणि हा लेख त्यांना समोर ठेवून लिहिला आहे. उदाहरणे मुख्यतः पोस्टग्रेसची घेतली आहेत, कारण त्याचा कोड खुला आहे आणि कोणता दोष कधी व का दुरुस्त झाला हे त्याच्या कमिट संदेशांत नीट नोंदवलेले असते.

क्रॅश जिथे झाला तिथे ‘यादी रिकामी असेल तर परत जा’ अशी एक ओळ घालून तक्रार बंद करणे ही बहुतेक वेळा दुरुस्ती नसते. प्लॅनरमध्ये रिकाम्या यादीला एकच अर्थ नाही. ती यादी कशाची आहे यावरून तिचा अर्थ ठरतो, आणि काही ठिकाणी तर एकाच यादीच्या रिकामेपणाचे दोन परस्परविरोधी अर्थ निघतात. तो अर्थ यादी तयार होते त्याच जागी पक्का केला नाही, तर तोच दोष दुसऱ्या फंक्शनमधून पुन्हा डोके वर काढतो.

तक्रार कोणत्या रूपात येते

सर्वांत सोयीचे रूप म्हणजे क्रॅश. लॉगमध्ये सर्व्हर प्रोसेस सिग्नल ११ ने संपल्याची, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्टची नोंद दिसते. ॲसर्ट, म्हणजे गृहीत धरलेली गोष्ट खरी आहे का हे चालताना तपासणाऱ्या ओळी, चालू ठेवून बिल्ड केलेले असेल तर सिग्नल ६ दिसतो आणि त्याच्या आधी फसलेल्या ॲसर्टची ओळ असते. ग्राहकाला हे भयंकर वाटते, पण दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने हीच सर्वांत भली अवस्था आहे, कारण दोषाचा पत्ता हाती लागलेला असतो.

दुसरे रूप चुकीच्या उत्तराचे. क्वेरी सुरळीत चालते, एरर येत नाही, मात्र ओळी जास्त किंवा कमी येतात. आमच्याकडे आलेली अशी एक तक्रार थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. मार्केट यार्डातील शेतमालाच्या आवकेचा अहवाल देणारे एक ॲप्लिकेशन होते. गुलटेकडीला रोज येणारा कांदा, बटाटा, टोमॅटो, पालेभाज्या यांची नोंद एका टेबलात, महिन्यागणिक पार्टिशन केलेली, म्हणजे वेगळ्या तुकड्यांत ठेवलेली. पडद्यावर मालाची नावे निवडण्यासाठी चौकटी होत्या. वापरकर्त्याने सगळ्या चौकटींवरील खुणा काढल्या की ॲप्लिकेशन रिकामा ॲरे पाठवत असे आणि ‘माल = एनी(रिकामा ॲरे) ऑर दर्जा = एनी(रिकामा ॲरे)’ अशी अट तयार होत असे. उत्तर शून्य ओळी यायला हवे होते. प्रत्यक्षात संपूर्ण महिन्याची आवक येत होती.

कारण प्लॅनरच्या हुकला, म्हणजे बाहेरचा कोड जोडण्यासाठी ठेवलेल्या जागेला, जोडलेल्या एका एक्स्टेन्शनमध्ये होते. ते एक्स्टेन्शन ‘ऑर’ खालचे घटक एका यादीत गोळा करीत असे आणि जो घटक कधीच खरा होऊ शकत नाही तो यादीतून काढून टाकत असे. इथपर्यंत सगळे बरोबर आहे. ‘ऑर’मधून असत्य घटक काढल्याने अर्थ बदलत नाही. पण इथे दोन्ही घटक गळाले, यादी रिकामी झाली आणि ती रिकामी यादी पोस्टग्रेसच्या ‘मेक_अँड्स_एक्स्प्लिसिट’ या फंक्शनला दिली गेली. हे फंक्शन यादीतील अटी ‘अँड’ने जोडते, आणि यादी रिकामी असेल तर सत्य हा स्थिरांक परत देते. ते त्याच्या जागी योग्यच वागले. ‘अँड’ची रिकामी यादी सत्य असते आणि ‘ऑर’ची रिकामी यादी असत्य असते, ‘ऑर’ची यादी ‘अँड’च्या फंक्शनला दिली की शून्य ओळींच्या जागी सगळ्या ओळी मिळतात.

तिसरे रूप वेगाचे: उत्तर बरोबर असते, पण ज्या ठिकाणी एकही पार्टिशन वाचण्याची गरज नव्हती तिथे सगळी पार्टिशने वाचली जातात. या रूपाकडे कोणी दोष म्हणून पाहत नाही आणि ते वर्षानुवर्षे तसेच राहते.

निल म्हणजे काय, आणि काय नाही

पोस्टग्रेसच्या सी कोडमध्ये रिकामी यादी म्हणजे ‘निल’, आणि निल म्हणजे यादीच्या प्रकारात बसवलेला नल पॉइंटर, म्हणजे मेमरीतील कोणत्याही जागेकडे बोट न दाखवणारा पॉइंटर. लांबी शून्य असलेली पण पॉइंटर नल नसलेली यादी तिथे वैध मानली जात नाही. यामुळे काही गोष्टी आपोआप सुरक्षित होतात: निलची लांबी विचारली तर शून्य मिळते, ‘फॉरईच’चा लूप निलवर एकदाही फिरत नाही, आणि ‘एलअपेंड’ला निल दिले तर ते नवी यादी तयार करून देते. मात्र ‘लिनिशियल’ला, म्हणजे पहिला घटक देणाऱ्या मॅक्रोला, निल दिले की ॲसर्ट बंद असलेल्या बिल्डमध्ये सरळ नल पॉइंटर उघडला जातो. क्रॅशच्या तक्रारींत बॅकट्रेसची वरची फ्रेम वाचली की बहुतेकदा हाच मॅक्रो सापडतो.

२०२० साली आलेल्या आवृत्ती १३ पासून या याद्या जोडसाखळीच्या राहिल्या नाहीत. त्या वाढत्या ॲरेच्या स्वरूपात ठेवल्या जातात. बाहेरून वापर जवळजवळ तसाच राहिला, पण जुन्या एक्स्टेन्शनमध्ये एक सवय धोक्याची ठरली. लूप चालू असताना घटक काढणे आणि काढणाऱ्या फंक्शनने परत दिलेली यादी न स्वीकारणे, असा कोड बऱ्याच ठिकाणी सापडतो. शेवटचा घटक काढला की ते फंक्शन यादीची मेमरी मोकळी करून निल परत देते. ते परत आलेले मूल्य चलात ठेवले नाही, तर चल जुन्या, मोकळ्या झालेल्या जागेकडे बोट दाखवत राहते. यादीत तीन घटक असताना एक काढला तर जुना पॉइंटर चालून जातो, म्हणून टेस्ट पास होतात. यादी पूर्ण रिकामी होते तेव्हाच घात होतो. लूपमध्ये काढायचे असल्यास त्यासाठीच असलेला ‘फॉरईच_डिलीट_करंट’ हा मॅक्रो वापरावा, आणि लूपबाहेर असाल तर परत आलेले मूल्य त्याच चलात ठेवावे.

बिटमॅपसेटच्या, म्हणजे बिटांच्या रूपात ठेवलेल्या संख्यांच्या संचाच्या, बाबतीतही पोस्टग्रेसने आवृत्ती १६ मध्ये हाच नियम सक्तीचा केला: रिकामा संच म्हणजे नल पॉइंटर, दुसरे रूप नाही. त्याआधी सगळे बिट शून्य असलेला संचही रिकामा धरला जाई, आणि काही कोड नलशी थेट तुलना करी तर काही कोड रिकामेपणा तपासणारे फंक्शन वापरी. दोन रूपे असली की कधीतरी कोणीतरी एकच तपासणार, हे ठरलेलेच.

निदान: यादी कुठे फुटली यापेक्षा कुठे रिकामी झाली

प्रथम ॲसर्ट चालू ठेवून आणि ऑप्टिमायझेशन कमी करून बिल्ड करावे. ग्राहकाच्या सर्व्हरवरून आलेल्या कोअर फाइलवर (क्रॅशच्या क्षणी असलेल्या मेमरीची प्रत) डोके फोडत बसण्यापेक्षा क्वेरी आणि टेबलांची व्याख्या मागवून घरच्या मशिनवर दोष उभा करणे जवळपास नेहमीच स्वस्त पडते. येथे एक गोष्ट आवर्जून मागावी: पॅरामीटरची प्रत्यक्ष मूल्ये. ‘ॲरे पाठवतो’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये, कारण रिकामा ॲरे आणि नल ॲरे (ज्याचे मूल्यच माहीत नाही असा) यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

क्रॅश नसेल तर आधी एक्स्प्लेन, म्हणजे निवडलेला प्लॅन दाखवणारी आज्ञा, चालवून पाहावे. प्लॅनरला एखाद्या भागातून एकही ओळ येणार नाही हे कळले असेल, तर पोस्टग्रेस ‘रिझल्ट’ नोड आणि त्याखाली ‘वन-टाइम फिल्टर: फॉल्स’ असे दाखवते. मायएसक्यूएल त्याच परिस्थितीत एक्स्ट्रा या रकान्यात ‘इम्पॉसिबल व्हेअर’ लिहिते. जिथे हे दिसायला हवे होते तिथे साधा सीक्वेन्शियल स्कॅन (सगळे टेबल ओळीने वाचणे) दिसतो आणि फिल्टरची ओळच गायब आहे, असे आढळले तर अट वाटेत हरवली आहे. मार्केट यार्डाच्या तक्रारीत नेमके हेच दिसले: स्कॅन होता, फिल्टर नव्हता.

त्यानंतर प्लॅनची झाडे छापणारी ‘डीबग_प्रिंट’ने सुरू होणारी सेटिंग्ज चालू करावीत. लॉगमध्ये भला मोठा मजकूर येतो, तो सगळा वाचायचा नसतो. या छपाईत निल असलेली जागा दोन कोनी कंसांनी, मधे काही न लिहिता, दाखवली जाते. आधीच्या टप्प्यावरील झाड आणि नंतरच्या टप्प्यावरील झाड शेजारी ठेवून, कोणत्या फील्डमध्ये आधी नोड होता आणि नंतर फक्त कोनी कंस उरले हे शोधले की शोधाचा परीघ झटकन लहान होतो. जीडीबी या डीबगरमध्ये थांबलेले असाल तर ‘पीप्रिंट’ फंक्शन हाताने बोलावूनही हीच छपाई मिळते; फक्त ती सर्व्हरच्या आउटपुटवर जाते, जीडीबीच्या खिडकीत नाही, हे लक्षात असू द्यावे, नाहीतर काहीच छापले गेले नाही असा समज होतो.

एवढ्यावर फील्ड सापडले की तिच्यावर वॉचपॉइंट (मूल्य बदलताच डीबगरला थांबवणारी खूण) लावावा आणि तिच्यात निल लिहिणाऱ्या ओळीपर्यंत पोचावे. ही ओळ आणि क्रॅशची ओळ यांच्यात अनेक फंक्शनांचे अंतर असू शकते. पॅच कुठे जाणार हे ही पहिली ओळ ठरवते.

एकाच रिकामेपणाचे अनेक अर्थ

अटींच्या यादीचे वर आलेच. निवडकतेच्या, म्हणजे अटीतून एकूण ओळींचा किती हिस्सा पुढे जाईल या, हिशेबातही तोच भेद आहे: ‘अँड’ने जोडलेल्या रिकाम्या यादीची निवडकता १ धरली जाते, कारण अट नसल्यास सगळ्या ओळी पुढे जातात.

एका गृहीतकावरून दुसरे सिद्ध होते का हे तपासणारा पोस्टग्रेसमधील कोड या बाबतीत वाचण्याजोगा आहे. आंशिक इंडेक्स, म्हणजे ठरावीक अटीत बसणाऱ्या ओळींचाच इंडेक्स, वापरता येईल का हे ठरवताना तो लागतो. सिद्ध करायच्या विधानांची यादी रिकामी असेल तर उत्तर ‘हो’; हाताशी असलेल्या अटींची यादी रिकामी असेल तर उत्तर ‘नाही’. या क्रमाने दोन ओळींत दोन तपासण्या आहेत आणि क्रम उलटा केला तर दोन्ही याद्या रिकाम्या असताना उत्तर बदलते. त्याच फाइलमधील खंडन तपासणारे भावंड मात्र दोन्ही परिस्थितींत ‘नाही’ म्हणते, कारण काहीही न सांगणाऱ्या विधानाचे खंडन होऊ शकत नाही. एकाचा कोड दुसरीकडे चिकटवणाऱ्याला हा फरक नडतो.

‘फ्रॉम’ची यादी रिकामी असेल तर शून्य ओळी येतील असे घाईत वाटते, पण ‘सिलेक्ट १’ एक ओळ देते. पार्टिशन छाटून झाल्यावर ‘अपेंड’खालची (पार्टिशनांच्या ओळी एकापाठोपाठ जोडणाऱ्या नोडखालची) यादी रिकामी उरली तर मात्र खरोखरच शून्य ओळी. दोन्हीकडे ‘वाचायला टेबल नाही’ एवढेच साम्य आहे. अपाचे डेटाफ्यूजन या क्वेरी इंजिनने रिकाम्या संबंधाच्या नोडमध्ये ‘एक ओळ निर्माण करावी का’ असे स्पष्ट फील्डच ठेवले आहे आणि तो मला या प्रश्नावरचा सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो. तिथे अटी जोडणारे फंक्शनही रिकाम्या यादीसाठी गुपचूप सत्य किंवा असत्य न देता ‘काही नाही’ असे वेगळे मूल्य परत देते, त्यामुळे निर्णय बोलावणाऱ्याला घ्यावाच लागतो.

ग्रूपिंगमध्ये हा प्रश्न आणखी नाजूक होतो. एकही ओळ नसलेल्या टेबलावर ग्रूपशिवाय मोजणी केली तर ० असलेली एक ओळ मिळते. त्याच टेबलावर एखाद्या कॉलमनुसार ग्रूप करून मोजणी केली तर एकही ओळ मिळत नाही. आता ‘माल = कांदा’ अशी अट आणि ‘ग्रूप बाय माल’ असे एकत्र आले की माल हा कॉलम ग्रूपिंगसाठी निरुपयोगी ठरतो, आणि चतुर ऑप्टिमायझर तो यादीतून काढून टाकतो. ग्रूपिंगची यादी रिकामी झाली. पुढच्या फंक्शनने ‘यादी रिकामी, म्हणजे ग्रूपिंग नाही’ असा अर्थ घेतला तर त्या दिवशी कांदा आलाच नसताना उत्तर शून्य ओळींऐवजी एका ओळीचे होते. पोस्टग्रेस आवृत्ती १६ मध्ये असे अनावश्यक कॉलम काढले जातात, परंतु छाटलेली यादी वेगळ्या फील्डमध्ये ठेवतात आणि मूळ ग्रूप बाय यादी तशीच राहते. ग्रूपिंग करायचे की नाही हे मूळ यादीवरून ठरते, कशावर करायचे हे छाटलेल्या यादीवरून.

क्रमवारीच्या कळा, म्हणजे पाथकीज, हे तर दुहेरी अर्थाचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. डिस्टिंक्टच्या (डुप्लिकेट ओळी गाळण्याच्या) सगळ्या कॉलमांना स्थिर मूल्य असेल तर पाथकीज निल होतात. त्याच आवृत्ती १६ पासून पोस्टग्रेस अशा वेळी डुप्लिकेट गाळणाऱ्या युनिक नोडऐवजी लिमिट १ वापरते आणि ते योग्य आहे, कारण सगळ्या ओळी सारख्याच आहेत. पण कॉलमचा प्रकार क्रमवारी लावण्याजोगाच नसेल, तरीही पाथकीज निलच असतात. तिथे लिमिट १ लावले तर उत्तर चुकते. म्हणून ती तपासणी ‘क्रमवारी लावता येते’ या शर्तीच्या आतच केलेली आहे. स्वतःचा कोड लिहिताना पाथकीजची निलशी तुलना दिसली की तिच्याभोवती ही शर्त आहे का हे पाहावे. नसेल तर तक्रार अजून यायची आहे एवढेच.

कॉलमच नसलेला युनियन

पोस्टग्रेस आवृत्ती ९.४ पासून सिलेक्टनंतर एकही कॉलम न लिहिण्यास परवानगी आहे. टेबलही शून्य कॉलमांचे करता येते. व्याकरणाने दार उघडले, पण प्लॅनरच्या सेट ऑपरेशनच्या (युनियन, इंटरसेक्ट, एक्सेप्ट) कोडला असा पाहुणा अपेक्षित नव्हता. कॉलमच नसल्याने ग्रूपिंगची यादी रिकामी, आणि रिकामी यादी म्हणजे डुप्लिकेट काढायची गरज नाही, असा अर्थ तिथे घेतला जात होता; परिणामी साधा युनियनही युनियन ऑलसारखा वागत होता. २०१७ च्या डिसेंबरमध्ये हे दुरुस्त झाले. आवृत्ती १० पासूनच्या कोडमध्ये दुरुस्ती लहान होती, फक्त एक पथ्य पाळायचे होते: क्रमवारीची एकही कळ नसलेला सॉर्ट नोड तयार होऊ द्यायचा नाही.

योग्य उत्तर काय हे कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. एका बाजूला १ ते ५ या मालिकेतून बिनकॉलमी पाच ओळी, दुसऱ्या बाजूला १ ते ३ मधून तीन. कॉलम नसल्यामुळे प्रत्येक ओळ दुसऱ्या प्रत्येक ओळीसारखीच. म्हणून युनियन ऑल आठ ओळी देतो, युनियन एक, इंटरसेक्ट एक, इंटरसेक्ट ऑल तीन, एक्सेप्ट एकही नाही आणि एक्सेप्ट ऑल दोन. पोस्टग्रेसच्या रिग्रेशन टेस्टमध्ये ही सहाही रूपे घातलेली आहेत, कारण असल्या कोपऱ्यातल्या क्वेरी कोणी डेव्हलपर हाताने चालवून बघण्याची शक्यता नाही. ‘अशी क्वेरी लिहितो कोण’ हा प्रश्न रिव्ह्यूमध्ये हमखास विचारला जातो. लिहीत कोणी नसेलही. ओआरएम (ॲप्लिकेशनच्या ऑब्जेक्टवरून क्वेरी तयार करणाऱ्या लायब्ररी) आणि क्वेरी पुन्हा रचणारे टप्पे मात्र सर्रास तयार करतात. बाहेरच्या क्वेरीला सबक्वेरीतील एकही कॉलम नको असला की कॉलम छाटणारा टप्पा नेमका इथेच आणून सोडतो.

दुरुस्ती कुठे घालावी

मार्केट यार्डाच्या तक्रारीवरचा पहिला पॅच असा होता की हुकमध्ये शिरताच ॲरे रिकामा असल्यास एक्स्टेन्शनने काहीच न करता परत जावे. ती क्वेरी सुधारली. पण ‘ऑर’चे घटक रिकाम्या ॲरेखेरीज इतर कारणांनीही गळू शकतात, पुढची तक्रार तारखेच्या परस्परविरोधी अटींमुळे आली आणि तिच्यात ॲरे कुठेच नव्हता. अखेर बदल झाला तो घटक गोळा करणाऱ्या फंक्शनमध्ये. त्याने कच्ची यादी परत देणे थांबवले आणि पूर्ण बनलेली अट परत देणे सुरू केले: घटक उरले तर ‘ऑर’, एकच उरला तर तो घटक, एकही न उरला तर असत्य स्थिरांक. पोस्टग्रेसचा स्थिरांक सोपे करणारा कोड ‘ऑर’साठी असेच करतो, त्यात एक बारकावा जास्त आहे, वाटेत नल घटक सापडला असेल तर शेवटी असत्यऐवजी नल द्यावा लागतो. हा बारकावा विसरला तर व्हेअरमध्ये काही फरक दिसत नाही, परंतु हीच अट ‘नॉट’खाली गेली की दिसतो.

पोस्टग्रेसच्या इतिहासात हीच दिशा दोनदा तरी दिसते. आवृत्ती १२ मध्ये प्लॅनरने रिकाम्या फ्रॉम यादीच्या जागी एक ओळ देणारी नाममात्र नोंद घालायला सुरुवात केली. त्यापूर्वी फ्रॉम नसलेल्या सबक्वेरी वर ओढण्याच्या कोडला विशेष अपवाद सांभाळावे लागत. रिकामी यादीच उरली नाही तेव्हा अपवादही गेले. दुसरे उदाहरण अपेंडचे. चालू होताना केलेल्या पार्टिशन छाटणीत सगळीच मुले (त्याखालचे नोड) गळाली, तरी आवृत्ती १२ पर्यंत एक मूल मुद्दाम ठेवले जाई, आणि तेही केवळ एक्स्प्लेनला कॉलमांची नावे छापण्यासाठी निदान एक मूल लागे म्हणून. आवृत्ती १३ मध्ये आधी छपाईच्या कोडची ती गरज काढली, मग ते जबरीने ठेवलेले मूलही काढले. रिकामी यादी टाळण्यासाठी कुठेतरी खोटा घटक भरलेला दिसला, तर तो कोणाच्या सोयीसाठी भरला आहे हे शोधावे. दुरुस्तीची जागा बहुधा तिथे असते.

उलट बाजूचीही नोंद घेतली पाहिजे. जिथे बोलावणाऱ्याने रिकामी यादी देणे हाच करारभंग आहे, तिथे शांतपणे परत जाणारी ओळ न घालता ॲसर्ट घालावा. शांत परतणी क्रॅशचे रूपांतर चुकीच्या उत्तरात करते, आणि ग्राहकाच्या हिशेबात गेलेले चुकीचे उत्तर क्रॅशपेक्षा केव्हाही महाग असते.

रिकामा ॲरे आणि नल

‘क्ष = एनी(रिकामा ॲरे)’ हे असत्य असते आणि ‘क्ष <> ऑल(रिकामा ॲरे)’ हे सत्य असते; क्ष स्वतः नल असला तरीही. तुलना एकदाही होत नाही, म्हणून नल पसरण्याचा प्रश्नच येत नाही. ॲरेच नल असेल तर मात्र उत्तर नल. इन नंतर कोरे कंस लिहिणे पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही व्याकरणाची चूक मानतात, एसक्यूलाइट ते चालवून घेते. त्यामुळे एसक्यूलाइटवर टेस्ट करून पोस्टग्रेसवर नेलेल्या ॲप्लिकेशनमध्ये हा प्रश्न व्याकरणाच्या एररच्या रूपात आधी भेटतो.

प्लॅनरच्या दृष्टीने खरा सापळा पुढे आहे. ‘क्ष इन यादी’ खरे असेल तर क्ष नल नसणार, हा निष्कर्ष कोणत्याही यादीसाठी चालतो. पण ‘क्ष नल असेल तर ही अट नल होईल’ हा निष्कर्ष यादी रिकामी नसेल तरच बरोबर आहे. आवृत्ती १२ मध्ये शंभरहून अधिक घटकांच्या यादीलाही ‘नल नाही’ अशी अट असलेला आंशिक इंडेक्स वापरता यावा म्हणून जो बदल झाला, त्यात या दोन निष्कर्षांतील भेद काळजीपूर्वक सांभाळला आहे: ॲरे रिकामा नाही हे सिद्ध करता आले तरच दुसरा, कडक निष्कर्ष काढला जातो. स्वतःच्या कोडमध्ये बाह्य जॉइनचे साध्या जॉइनमध्ये रूपांतर करीत असाल तर याच ठिकाणी दोनदा पाहावे, विशेषतः ॲरे पॅरामीटरमधून येत असेल तर, कारण प्लॅन तयार होताना तो रिकामा आहे की नाही हे माहीतच नसते.

टेस्टमध्ये काय असावे

तक्रारीतील क्वेरी टेस्टमध्ये घालणे पुरेसे नाही. त्या यादीला रिकामे करणारी प्रत्येक वाट घालावी लागते. सुरुवातीपासून रिकामी असलेली यादी, आणि भरलेली असून छाटणीनंतर रिकामी झालेली यादी, या दोहोंसाठी निदान एकेक क्वेरी हवी, आणि एका घटकाच्या यादीसाठीही हवी, कारण एक घटक उरल्यावर वेष्टन काढून टाकणारा कोड बहुधा शून्याच्या शेजारीच असतो.

यादृच्छिक क्वेरी सोडून क्रॅश शोधण्यासाठी एसक्यूएलस्मिथ उपयोगी आहे आणि पोस्टग्रेसच्या प्लॅनरमधील बरेच दोष त्याने बाहेर काढले आहेत, पण चुकीची उत्तरे त्याला कळत नाहीत. त्यासाठी एसक्यूलान्सर या साधनातील तीन भागांची पद्धत वापरावी आणि ती साधन न बसवता हातानेही करता येते. कोणतीही अट घ्या. ती अट असलेली क्वेरी, तिच्या आधी ‘नॉट’ लावलेली क्वेरी आणि ‘ती अट नल आहे’ अशी क्वेरी, या तिन्हींच्या ओळींची बेरीज अट नसलेल्या क्वेरीच्या ओळींइतकी यायलाच हवी. आवकेच्या टेबलात आठ ओळी भरून सदोष एक्स्टेन्शनवर हे केले तेव्हा पहिल्या क्वेरीने आठ दिल्या, ‘नॉट’च्या क्वेरीनेही आठ, तिसरीने शून्य, बेरीज सोळा. दुरुस्त कोडवर शून्य, आठ, शून्य. रिकामी ॲरे, नल ॲरे, एका घटकाचा ॲरे आणि नल घटक असलेला ॲरे असे चार पॅरामीटर घेऊन ही तपासणी तयार प्लॅनवर आणि दर वेळी नव्याने केलेल्या प्लॅनवर, दोन्हींवर चालवावी. त्यासाठी ‘प्लॅन_कॅश_मोड’ हे सेटिंग आधी सामान्य प्लॅनची सक्ती करणाऱ्या आणि मग खास प्लॅनची सक्ती करणाऱ्या मूल्यावर ठेवावे, कारण मूल्य माहीत असताना घटक छाटणारा कोड आणि मूल्य माहीत नसताना चालणारा कोड हे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि एकच तपासून सोडलेला दोष दुसऱ्या रस्त्याने परत येतो.